हिमात गुंफिलेल्या माळेची हकीकत

नमो तथागताय. ज्यांनी फुले चरणांशी घेतली आणि डोईवर कधी मिरविली नाहीत, त्यांस वंदून लिहितो. अश्व संवत्सर, राज्यारोहणाचे सातवे वर्ष, बारावा मास, शुद्ध अष्टमीची ही हकीकत. चीन देशी उत्तरेस एक राज्य. नाव पुसू नये, आम्हांस तेथेच नांदणे आहे. तेथे फुलांचा मान केसांत. लेखनिक मंडळी चिनी लिपीत माळ हे अक्षर लिहितानासुद्धा माथ्यावर केसांची खूण काढितात. राजांस कन्या एकच, नामे युनह्वा. तिचे केस गुडघ्यापर्यंत, आणि ते विंचरावयास लिउ दाई, आणि त्यांत खोवावयास सोन्याची, मोत्यांची, निळ्या पिसांची मिळून तेवीस फुले. कारण लग्न ठरले होते. मग कन्या हट्टास पेटली कीं, "आबासाहेब, मज नवरा नको. विहारी जाऊन भिक्षुणी होईन." राजे मोठे पक्के! नाही म्हणावे तर पुण्य बुडते, होय म्हणावे तर काळीज तुटते, मग मिशीत हसून बोलिले कीं, "बरे. येत्या अष्टमीस तथागतांस फुलांची माळ घाल आणि जा. न घातलीस तर मुकाट नवरीच्या पालखीत बस." बाहेर हिम कमरेएवढे, गवताची काडी दिसेना, फूल कोठले! राजे मनात मांडे खाऊ लागले.

अष्टमीस सकाळी सारा दरबार विहारी जमला, आणि युनह्वा आली ती डोईवर शाल घेऊन, आणि मागे लिउ दाई डोळे पुशीत. मग कन्येने ओंजळ उघडिली. अहाहा! तेवीस फुलांची माळ, आणि गुंफिली कशात, तर तिच्याच कापिलेल्या वेणीत! माळ मूर्तीच्या गळ्यात पडली, आणि शाल घसरली, आणि गुळगुळीत डोके दिव्यांत चकाकले.

राजे ओरडले, "अगे, हे काय केलेस?"

"भिक्षुणीने फुले माळू नयेत, आबासाहेब. हिमात जी मजपाशी उमलली होती, ती वाहिली."

राजांचे डोळे भरले, आणि मग राजे एकाएकी खो-खो हसत सुटले. "हरलो गे पोरी, हरलो!" म्हणोन खाशा राजांनी आपल्या जुड्याची सोन्याची सळई उपसून माळेत खोविली, तो महाराजांचे केस खांद्यांवर मोकळे! सारा विहार हसला, नगारे वाजले, गरम खीर वाटिली. लिउ दाई तेवढी हुंदके देत पुसे, "आता मी कोणाचे केस विंचरू, बाई?"

युनह्वा बोलिली, "दाई, आधी आबासाहेबांचा जुडा बांध पाहू."

येणेप्रमाणे कन्या विहारी सुखी जाहाली. राजांचा जुडा रोज दाई बांधते, आणि बांधता बांधता दोघे पोरीच्या गोष्टी बोलतात, सबब दरबार उशिरा भरतो.