पालथा दगड

मार्ताचं म्हणणं एवढंच होतं, की बाबांच्या झाडासाठी दगडी लादी दुकानातून आणू. तिच्या नवऱ्याने, एल्विन पॉवेलने, मुकाट्याने मान डोलावली असती, तर पुढचं रामायण टळलं असतं. पण अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या खाणीत चाळीस वर्षं पाटीचा दगड चिरलेला माणूस तो!

"माझ्या घरात विकतचा दगड? लोक तोंडात शेण घालतील, बाई!"

गोष्ट तशी हसण्यावारी नेण्याची नव्हती. मार्ताचे वडील ऑक्टोबरात गेले. मागे राहिलं ते जुनिपरचं हातभर उंचीचं बोन्साय, पन्नास वर्षं तळहातावरच्या फोडासारखं जपलेलं. कुंडीतून काढून ते जाडजूड लादीवर लावायचं, कड्यावर उगवल्यासारखं, ही म्हाताऱ्याची शेवटची इच्छा. आणि बोन्साय मंडळाच्या एप्रिलमधल्या प्रदर्शनात, येत्या शनिवारी, ते त्यांच्या नावाने मांडायचं होतं.

एल्विनने दीड इंच जाडीचा दगड घेतला. नुसती कडा तासायची होती. पण जन्मभर छपरावर कौलांसारख्या घालायच्या पाट्या काढलेल्या हाताला एकच खोड, दगड दिसला की मधोमध उघडायचा. छिन्नी टेकली, दोनदा टकटक झालं, आणि दगडाचे दोन झाले. (दोनाचे चार कधी झाले, ते त्यालाही कळलं नाही.) काय त्या पाट्या! पातळ, एकसारख्या, आणि झाडासाठी काडीच्या उपयोगाच्या नाहीत. शुक्रवारपर्यंत असे पाच दगड गेले. शेवटच्याला तर त्याने सवयीने खिळ्यांची दोन भोकंही पाडली.

मार्ता शेडमध्ये आली. तिने ढीग पाहिला.

"बाबांचं झाड लावायचंय की घर शाकारायचंय?" ती म्हणाली, आणि एकदम रडायलाच लागली. एल्विनला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुकान एव्हाना बंद झालेलं. शेडच्या कोपऱ्यात गोणपाटाखाली एकच जाड दगड उरला होता, जांभळट, बिनडागाचा. तो त्याने वीस वर्षांपूर्वी स्वतःच्या थडग्यासाठी राखून ठेवला होता. नाव आणि जन्मसाल कोरूनही झालं होतं. मार्ताला त्याचा पत्ता नव्हता. एल्विनने छिन्नी उचलून शेडबाहेर ठेवली. मग दगड पालथा घातला, ड्रिलने झाड बांधायच्या तारेसाठी भोकं पाडली (एक बरोबर आडनावातून गेलं) आणि अवाक्षर न काढता तिच्या हवाली केला.

शनिवारी लोक त्या झाडापुढे टोप्या काढून उभे राहिले. मार्ताने नवऱ्याचा हात घट्ट धरला.

"आज बाबा तुला पहिल्यांदाच बरं म्हणाले असते."



आवराआवर करताना मंडळाच्या सेक्रेटरी विनिफ्रेडबाईंनी लादीची एक बाजू उचलली आणि खालून वाकून पाहिलं.

"कारागीर नाव कोरतात, ते ठाऊक आहे. पण जन्मसाल? आणि पुढे रेघ ओढून मोकळी जागा कशाला?"

मार्तानेही वाकून वाचलं.

"हा तुझा दगड?"

"होता. आता बाबांचा."

घरी जाताना गाडीत ती म्हणाली, "हे झाड अजून शंभर वर्षं हलायचं नाही. तुला दुसरा दगड बघावा लागणार."

"बघायचं काय त्यात? सोमवारी खाणीतून आणतो आणि घडवतो."

"अजिबात नाही," मार्ता डोळे पुसत म्हणाली. "तो दुकानातूनच येईल. तू हात लावलास की त्याचे चार होणार, आणि नवरा माझ्याकडे एकच आहे."