नागोरावांचे रविवार

पोह्यांची बशी खाली ठेवत धर्मपाल मास्तर "नाईस!" म्हणाले आणि मथुराबाईंचा जीव भांड्यात पडला. पोरगी पसंत पडली म्हणायची. पण इंग्रजी शिकवणाऱ्या मास्तरांना तेवढ्यावर थांबवेना.

"गंमत पाहा मामा," ते म्हणाले, "जुन्या काळी विलायतेत नाईस म्हणजे मूर्ख. पुढं अर्थ सुधारला."

चहा घेऊन आलेली प्रभावती उंबऱ्यातच थबकली. तिच्या वडिलांनी, नागोरावांनी, डोळे बारीक केले. नागोराव वणीच्या एका कापसाच्या जिनात क्लार्क होते आणि जन्माचे संशयी होते. लग्नाची पत्रिका आली की लग्न कुणाचं हे पाहण्याआधी आपल्याला बोलावलं कशाला, याचा ते विचार करत.

"पोहे कोनत्या अर्थानं नाईस झाले म्हन्ता?"

"नव्या, मामा, नव्या! आता लेडी घ्या. मूळचा अर्थ कणीक मळणारी. आणि लॉर्ड म्हणजे भाकरी राखणारा."

"म्हंजे मी लगनापासून लेडीच हावो की!" मथुराबाई आतून म्हणाल्या.

"अन् मी?" नागोरावांनी जाळं टाकलं. "मी क्लार्क हावो."

"क्लार्क म्हणजे पूर्वी पाद्री!" मास्तर आनंदाने म्हणाले.

बोलणी तिथेच अडली. बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन नागोरावांनी घरातले देव नुकतेच बोळवले होते. रिकामा कोनाडा बुजवला होता, त्याचा चुनाही नीट वाळला नव्हता. अन् हा पोट्टा आपल्याला पाद्री करून मोकळा!

"मले पसंत हायेत ते," पाहुणे गेल्यावर प्रभावती आईच्या पदराआडून म्हणाली.

"तुले पसंत हाये, पन त्याचा काय भरवसा? आज तुले हो म्हनन. उद्या म्हनन, 'हो'चा जुना अर्थ 'नाही' होता. मंग? मले तर तो मिशनचा मानूस वाटते. गोड बोलून आपल्याले किरिस्ताव करन."

"तुमाले?" मथुराबाई म्हणाल्या. "तुमी दवाईची पुडीबी आंधी मांजरीले चाटवता. तुमाले कोन काय करन?"

रविवारी नागोराव मास्तरांच्या मागावर निघाले. मास्तरांची सायकल थेट मिशनच्या आवारात शिरली. नागोरावांना इतका आनंद त्या महिन्यात झाला नव्हता. ते फाटकासमोरच्या लिंबाखाली दबा धरून उभे राहिले.

म्हाताऱ्या पाद्र्यांना ते दिसले. "भाऊ, बाहेर का उभे? आत या, बाकावर बसा."

नाही म्हणावं तर संशय येईल. नागोराव आत गेले, चर्चमधल्या शेवटच्या बाकावर बसले आणि मास्तरांना शोधू लागले. मास्तर कुठे दिसेनात. प्रार्थनेत सगळे उठले की नागोराव उठत. सगळ्यांनी हात जोडले की तेही जोडत. पुढच्या रविवारीही तेच. त्याच्या पुढच्या रविवारी तर पाद्र्यांनी त्यांच्यासाठी खिडकीजवळची हवेशीर जागा राखून ठेवली. खिडकी बाजाराच्या रस्त्यावर उघडत होती.

दुसऱ्याच दिवशी मास्तरांचे काका बाबाराव दारात उभे.

"जयभीम, नागोराव."

"जयभीम, जयभीम!"

"म्हन्ता अजून? बरं वाटलं आयकून." बाबाराव बसलेसुद्धा नाहीत. "सोयरिक राहू द्या. आमाले दीक्षा घेतलेलं घर पायजे होतं."

"म्हंजे?"

"बाजारात जाऊन राह्यलो होतो. खिडकीत तुमाले पाह्यलं. हात जोडून उभे होते."

दाराआड प्रभावतीच्या हातातली वाटी पडली. नागोराव पुढे सरसावले. "अवो, मी तुमच्या पोट्ट्यावर नजर ठेवाले गेलतो!"

"पोट्टा होता तिथं?"

"नव्हता. तोच तर शक!"

"तो मागच्या बंगल्यात पाद्र्याची जाडी डिक्शनरी वाचते. आमाले सांगून जाते. तुमी कोनाले सांगून गेलते?"

"मीबी..." नागोराव म्हणाले, "मीबी डिक्शनरीसाठीच गेलतो."

"असं? सांगा मंग एखादा शब्द."

नागोरावांचं डोकं रिकामं झालं. त्यात एकच शब्द उरला होता, त्यांची झोप उडवणारा.

"क्लार्क," ते म्हणाले. "म्हंजे... पाद्री."

"अन् तुमी जिनात काय हाये?"

अखेर मथुराबाई पदर खोचून बाहेर आल्या.

"भाऊ, बसा आंधी. लगनाले इतकी वर्षं झाली, या मानसाचा माह्यावर विश्वास बसला नाही अजून. तो कोन्या पाद्र्यावर बसन काय?"

बाबारावांनी नागोरावांकडे पाहिलं. नागोराव त्या वेळी पाहुण्याच्या पिशवीत काय आहे ते निरखत होते. बाबारावांना बोलणं पटलं.

"बरं. सोयरिक पक्की," ते म्हणाले. "पन लगन होईस्तोवर दर आयतवारी नागोराव आमच्या ओट्यावर बसतीन. माह्या डोळ्यासमोर!"

प्रभावतीने दाराआडून मान डोलावली. नागोरावांना कोणी विचारलंच नाही.

पुढच्या रविवारी नागोराव ओट्यावर मान खाली घालून बसले. धर्मपाल मास्तर खुर्ची ओढून शेजारी आले. असा हक्काचा श्रोता त्यांना आजवर मिळाला नव्हता.

"मामा, आज सस्पेक्ट घेऊ. संशय घेणं. मूळचा अर्थ काय ठाऊक? खालून चोरून पाहणं!"

नागोरावांनी मान तशीच ठेवून भुवयांखालून हळूच पाहिलं.

बाबाराव बघतच होते.