रॉकंबोचं वजन

एका फेरीत दोन कामं उरकणं हा माझा हातखंडा आहे. आमची ही, म्हणजे सुमती, याला आळस म्हणते. असो.

नव्याण्णव सालची गोष्ट. आमच्या लेकीला, उत्तराला, तिच्या दुबईच्या मामानं हातात धरून खेळायचा एक जपानी गेम आणून दिला होता. त्यात चित्रविचित्र राक्षस पकडून गोळा करायचे. तिचा सगळा जीव रॉकंबो नावाच्या राक्षसावर. हा नखशिखांत दगडाचा. घागरीएवढं पोट, चार हात, रागीट भुवया, आणि पाय नसल्यामुळे कायम बसलेला. वाढदिवसाला खराखुरा रॉकंबो हवा, म्हणून ती हटून बसली. वाढदिवस नेमका गणेश चतुर्थीला होता.

कल्याणला विश्राम म्हणून एका मूर्तिकाराचा गणपतीचा कारखाना होता. त्याला गेमचं चित्र दाखवलं. त्यानं ते बराच वेळ पाहिलं आणि सोंड कुठे आहे ते विचारलं. सोंड नाही म्हटल्यावर काम सोपं आहे म्हणाला.

दुसरं काम आमच्या साहेबांचं. भाऊसाहेब टिपणीस राहायला ठाण्याला, माजिवड्याला. त्यांचा गणपती आजोबांपासून विश्रामच्याच घराण्याकडून येतो, आणि त्या वर्षी साहेबांची कंबर धरलेली. माझी चंद्रपूरला बदली व्हायचं घाटत होतं, आणि ते सर्वस्वी साहेबांच्या हातात होतं. मला डोंबिवली सोडायची नव्हती. उत्तराची शाळा इथं, सुमतीच्या शिकवण्या इथं, आणि हप्ते फेडून घेतलेल्या दोन खोल्याही इथंच. तेव्हा मी पुढे होऊन म्हटलं, साहेब, मूर्ती मी आणतो.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी दुपारी मी आणि सुमती रिक्षा करून कल्याणला गेलो. कारखान्यात ही झुंबड! गणपती घरी नेताना त्याचं तोंड झाकून नेतात, आणि पूजेला पाटावर बसेपर्यंत कुणी रुमाल काढत नाही. विश्रामच्या माणसांनी सवयीनं रॉकंबोलाही नवा कोरा लाल रुमाल घालून डोक्यापासून पोटापर्यंत बांधून टाकलं होतं. दोघंही सारख्याच उंचीचे, सारख्याच पोटाचे आणि सारख्याच हातांचे. दोघं शेजारी शेजारी ठेवलेले, आणि विश्राम गर्दीत कुठे तरी हरवलेला.

"त्यांना शोधून विचारा तरी," सुमती म्हणाली. "रुमाल काही काढता यायचा नाही."

मी हसलो. दोन्ही मूर्ती एकेकदा उचलून पाहिल्या. एक चांगलीच जड होती, दुसरी अगदी हलकी. दगड जड असतो हे कळायला मूर्तिकार कशाला हवा? जड तो आपला, हलका तो साहेबांचा. प्रश्न मिटला.

वाटेत डोंबिवलीला सुमतीला आणि जड मूर्तीला उतरवलं आणि हलकी मांडीवर घेऊन मी माजिवड्याला पोचलो. दारातच टिपणीसबाईंनी माझ्या पायांवर दूध-पाणी घातलं, ओवाळलं. साहेबांच्या घरचे सगळे "मंगलमूर्ती मोरया" म्हणत होते. ज्याच्या पायांवर साहेबांच्या बायकोनं दूध घातलं, त्याला चंद्रपूरला कोण पाठवणार? मी खुशीत घरी आलो.

सकाळी उत्तरानं आंघोळ करून रुमाल सोडला.

"बाबा," ती म्हणाली, "हा रॉकंबो नाही. हा बाप्पा आहे."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. टिपणिसांचा गणपती अस्सल शाडूचा, म्हणजे मातीचा, म्हणजे जड. आणि लहान मुलीला उचलता यावा म्हणून विश्रामनं रॉकंबो केला होता कागदाच्या लगद्याचा! माजिवड्याच्या मखरात रुमालाखाली या क्षणी कोण बसलंय हे लक्षात येताच मी फोनकडे धावलो.

साहेबांना फोन लावला, तर लाइन एंगेज. सगळे नातेवाईक एकमेकांना शुभेच्छा देत होते. मूर्ती घेऊन पळावं म्हणून वळलो, तर सुमतीनं तोवर देवापुढे समई लावून जास्वंद वाहिलेलं.

"तोंड उघडलेला गणपती आता दाराबाहेर नेतात तो विसर्जनालाच," ती म्हणाली. "तुमच्या साहेबांना सांगा जाऊन."

सांगायला गेलो. माजिवड्याला पोचलो तेव्हा दिवाणखाना भरलेला होता. साहेब सोवळ्यात, कंबरेला पट्टा. गुरुजींना पुढे आणखी बरीच घरं घ्यायची होती, त्यामुळे ते घाईत होते. मी "थांबा" म्हणेपर्यंत त्यांनी रुमाल ओढलाही.

रॉकंबो सर्वांकडे रागानं बघत होता. चारही मुठी आवळलेल्या, डोक्यावर हिरवं शेवाळ. विश्रामनं काम मात्र सुरेख केलं होतं. गुरुजींनी एकदा मूर्तीकडे पाहिलं, एकदा पोथीकडे, आणि हात तर चारच आहेत असं काहीसं पुटपुटले. शेवटी साहेबांच्या वृद्ध आईंनी हात जोडले.

"देवा, या वर्षी फार चिडलायस रे," त्या म्हणाल्या. "काय चुकलं आमचं?"

"सबनीस," साहेब म्हणाले, "आमचा गणपती कुठे आहे?"

"माझ्याकडे. डोंबिवलीला. हिनं समई लावलीय त्याच्यापुढे."

मी जमिनीकडे बघत होतो. चंद्रपूरचा उन्हाळा कसा असतो ते मला आत्ताच जाणवायला लागलं होतं. पण टिपणीसबाई उठल्या आणि त्यांनी निर्णय दिला. आजोबांपासून एकही वर्ष चुकलेलं नाही. देव इकडे आणता येत नसेल, तर आपण तिकडे जायचं.

आणि ते आले! साहेब, बाई, आई, दोन भाऊ, वहिन्या, मेहुणा, पोरंटोरं, उकडीचं पीठ, मोदकपात्र, मखर, आणि घड्याळाकडे बघणारे गुरुजी. येताना त्यांनी रॉकंबोलाही आणलं. मुहूर्त टळायच्या आत पूजा झाली. आरतीही दणक्यात झाली. मीही सुटकेचा निःश्वास टाकून टाळ्या वाजवल्या. मग प्रसाद घेताना सहज विचारलं, की आपण कधी निघणार?

"आमचा पाच दिवसांचा असतो," साहेब म्हणाले. "देवाला सोडून घरी कसं जायचं?"

आमच्या घरी पाणी सकाळी तासभर येतं. त्या तासात अख्ख्या टिपणीस घराण्याच्या आंघोळी आणि सोवळी व्हायची. एकुलती एक कॉट साहेबांच्या कंबरेकडे गेली. मी गॅलरीत पाण्याच्या पिंपाला टेकून झोपायचो, आणि साहेबांचे मेहुणे पहाटे माझ्या उशाशी बसून भूपाळ्या म्हणायचे. सुमती धुमसत्या चेहऱ्यानं मोदक वळत होती. माझ्याशी ती फक्त नारळ संपले की बोलायची. साहेबांच्या आई मात्र खूश होत्या. रोज पहिली दूर्वा त्या गणपतीच्या बाजूला बसवलेल्या रॉकंबोला वाहायच्या. शांत देवाचं काय, तो सांभाळून घेतो, असं त्यांचं म्हणणं. उत्तराच्या मते असा वाढदिवस कुणाचाच झाला नव्हता.

पाचव्या दिवशी विसर्जन करून आलो. सामान बांधून झालं. निघताना साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"सबनीस, तुमची चंद्रपूरची बदली रद्द."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पाच दिवसांच्या हालांचं चीज झालं. मी वाकून नमस्कार करणार, एवढ्यात साहेब पुढे म्हणाले, "देवानं स्वतः होऊन निवडलेली जागा आहे ही. आता दर वर्षी इथंच. तुम्ही चंद्रपूरला गेलात तर आम्ही यायचं कुठे?"

जिन्यातून टिपणीस मंडळी मोरया म्हणत उतरली. सुमतीनं दार लावलं आणि माझ्याकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडताच मी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो.

"साहेब, ती चंद्रपूरची जागा अजून रिकामी आहे का?"

साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे मायेनं पाहिलं.

"आहे की," ते म्हणाले. "पण पुढच्या वर्षीचे गणपती होऊन जाऊ देत. मग बघू."