अल्पाकाचा अल्पाहार

माणसांनी नेमके मराठी लिहिले तर जगातले निम्मे अपघात टळतील, असे माझे ठाम मत होते. आणि ते सिद्ध करण्याची संधी मला माझ्या मेव्हण्याच्या गोठ्यात मिळाली!

मेव्हण्याकडे अल्पाका आहेत. अल्पाका म्हणजे उंट आणि मेंढी यांच्यात झालेली तडजोड. त्यांतली दुलई त्याची विशेष लाडकी. गेल्या वर्षी लोकरीच्या प्रदर्शनात तिचा पहिला क्रमांक केसाच्या जाडीने हुकला. अलंकारिक अर्थाने नव्हे, अक्षरशः! यंदाचे प्रदर्शन दोन महिन्यांवर आले होते, म्हणून पशुवैद्यबाईंनी गोठ्यातल्या फळ्यावर लिहून ठेवले होते : ‘प्रोटीन कमी. पेंड थोडी.’

"कर्ता नाही, क्रियापद नाही! हे वाक्य आहे की तार?" मी विचारले.

"दाजी, कळतंय ना? मग झालं तर," मेव्हणा म्हणाला.

"अहो, राहू द्या ना," बायकोने माझा खडूचा हात धरला.

पण जो प्राणी तीन कप्प्यांचे पोट बाळगतो, घास पुन्हा पुन्हा चघळल्यावाचून पुढे सोडत नाही, त्याच्यासमोर इतके कच्चे गद्य! मी फळा पुसला आणि अर्धा तास रवंथ करून लिहिले : ‘दुलईस प्रथिनयुक्त पेंडीचा अल्पाहार नित्यनेमाने द्यावा.’ समास सोडवला की अर्थ हातात!

आठवड्याने मेव्हण्याचा फोन.

"दाजी, तुमचा अल्पाहार तिला फार आवडतो बरं का!"

"आवडणारच! संयमाचीही गोडी लागते."

"थोडा वाढवू का?"

"वेडा आहेस का? वाढवलास तर तो अल्पाहार कसला? ठरल्याप्रमाणे चालू ठेव."

"रोज सकाळी?"

"एक दिवससुद्धा चुकवू नकोस!"

प्रदर्शनाला आठ दिवस उरले असता आम्ही सगळे गोठ्यात जमलो. आत शिरताच उग्र वासाने डोळे चुरचुरले. दुलई वळली, तेव्हा गोठाच लहान झाल्यासारखा वाटला. पशुवैद्यबाईंनी तिची लोकर बोटांत चोळून पाहिली.

"ही लोकर आहे की काथ्या? किती प्रोटीन घातलंत हिला? जादाचं लोकरीत उतरतं, धागा जाड होतो. उरलेलं लघवीतून जातं, त्याचाच हा वास!"

"जादा काही नाही हो! नेहमीचा चारा, आणि सकाळी दाजींचा अल्पाहार. बादलीभर."

"बादलीभर!" मी किंचाळलो. "अरे, अल्पाहार म्हणजे अल्प आहार!"

"अल्पाहार म्हणजे नाश्ता! आमच्या कचेरीत पाटीच आहे, अल्पाहारगृह. तिथं अल्प कोण खातं?"

"तो खाणाऱ्यांचा दोष! व्युत्पत्ती पाहता…"

"अहो, तिचे कान मागे गेलेत," बायको म्हणाली. "बाजूला व्हा!"

"प्रश्न कानांचा नाही, समासाचा आहे!" मी गरजलो, आणि तोंड मिटायला क्षणभर उशीर झाला.

दुलई थुंकली! पोटाच्या पहिल्याच कप्प्यातला, पुरेसा संस्कार न झालेला हिरवा मजकूर. तो अल्प मुळीच नव्हता.

दुलई प्रदर्शनाला गेली नाही. त्या दिवशी मेव्हणा तिच्या मानेवरून हात फिरवत नुसता बसून राहिला. ते मला फार लागले. तेव्हापासून दर रविवारी मी तिला सुके गवत घालायला जातो. फळ्यावर बाईंच्या अक्षरात पुन्हा तेच आहे : ‘प्रोटीन कमी. पेंड थोडी.’

क्रियापद अजूनही नाही. परवा खडूही हाताशी होता.

पण दुलईचे कान हळूच मागे गेले, आणि ते वाक्य मला एकाएकी परिपूर्ण वाटू लागले.