रथसप्तमीपर्यंत गोड बोला

"तुम्ही जाऊन सांगा. मी गेले तर भांडण होईल," सुजाता म्हणाली आणि तिने तिळगुळाचा डबा सुभाषच्या हातात ठेवला.

"मग हा डबा कशाला?"

"संक्रांत आहे ना आज! रिकाम्या हाताने जातात का कुणाकडे?"

सगळा घोळ इथेच झाला. एखाद्याशी संबंध तोडायला निघालेल्या माणसाच्या हाती तिळगूळ देऊ नये, एवढी साधी गोष्ट त्या दोघांच्याही लक्षात आली नाही. सुभाष बिचारा मुळात बँकेतला अकाउंटंट. आकड्यांना तो दिवसभर 'नाही' म्हणू शकत असे, माणसांना मात्र आयुष्यात एकदाही म्हणाला नव्हता.

सांगायचं होतं ते असं. त्यांची तेरा वर्षांची अक्षरा कुवेतच्या सालमिया भागातल्या एका जिममध्ये चिअरलीडिंग शिकत होती. चिअरलीडिंग म्हणजे क्रिकेटच्या मैदानाकडेला नाचतात ते नव्हे. सुभाषने चिपळूणला आईला फोनवर हे तीनदा समजावलं होतं. यात मुली एकमेकींना उचलतात, फेकतात, झेलतात आणि त्याच्या रीतसर स्पर्धा होतात. वर चढते ती फ्लायर, खाली उभी राहून तिला पेलते ती बेस. "म्हणजे आपली दहीहंडीच की," आई म्हणाली होती, आणि सुभाषने तिथेच विषय सोडला होता.

अक्षरा फ्लायर होती, तोवर सुजाता जमिनीवर नव्हतीच. मग डिसेंबरमध्ये एका मॉलमध्ये मुलींचा कार्यक्रम झाला. सुजाता शेजारच्या रत्नमालावहिनींना मुद्दाम घेऊन गेली. "बघा हं, सगळ्यांच्या वर जाते ती आमची," असं तिने वहिनींना आणि आजूबाजूच्या दहा बायकांना सांगून ठेवलं. संगीत सुरू झालं, मनोरा उभा राहिला आणि वर चढली एक चिमुरडी फिलिपिनो मुलगी. रत्नमालावहिनी बराच वेळ त्या मुलीकडे निरखून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "मेकपमध्ये किती वेगळी दिसते नाही अक्षरा?"

झालं! सुजाताचं डोकंच फिरलं. "माझ्या मुलीला खाली उभं करते? हमालासारखं?" कोच सनाला कारण विचारायचंही तिच्या मनात आलं नाही. अक्षरा काहीतरी सांगायला आली, तर "तू गप्प बस, तुला कळत नाही तुझ्यावर अन्याय झालाय ते," म्हणून तिलाही गप्प केलं. चार दिवसांत सुजाताने फहाहीलची दुसरी जिम शोधली, तिथल्या आफिया कोचला बेसनाचे लाडू नेऊन दिले आणि भर सीझनमध्ये मुलीचं नाव तिथे घालून मोकळी झाली. आता फक्त जुन्या जिमला सांगायचं उरलं होतं, आणि ते सुभाषच्या गळ्यात आलं.

सना लेबनीज होती. उंच, खणखणीत आवाजाची आणि भलतीच अगत्याची. सुभाषने बाहेर गाडीत बसून भाषण पाठ केलं होतं. आत गेल्यावर त्याने आधी डबा पुढे केला.

"हे काय?" सनाने इंग्रजीत विचारलं.

"आमचा सण आहे आज. तिळगूळ. हे देताना म्हणायचं असतं की, गोड घ्या आणि गोड बोला."

"किती सुंदर!" सनाने छातीवर हात ठेवला. "मग आधी मी बोलते. मिस्टर सुभाष, तुमच्या मुलीसारखी बेस मी दहा वर्षांत पाहिली नाही. तिच्यावर माझी सगळी टीम उभी आहे. तिच्याशिवाय मी मार्चच्या स्पर्धेत उतरणारच नाही. आता तुम्ही बोला. गोड!"

आता यावर माणसाने बोलावं काय? पाठ केलेलं भाषण तिळगुळाबरोबर पोटात गेलं. पाऊण तासाने सुभाष बाहेर पडला, तेव्हा त्याने तीन कप कॉफी प्यायली होती आणि तो सनाच्या टीमचा मॅनेजर झाला होता. मॅनेजरला एक गुलाबी टीशर्ट असतो. तोही त्याच्या काखेत होता. भीड ही भिकेची बहीण म्हणतात, ते काही उगीच नाही.

"सांगितलंत?" सुजाताने दारातच विचारलं.

"हो," सुभाष म्हणाला. "बोललो."

बोलला तर होताच तो. त्याने मनाशी असं ठरवलं होतं की, रथसप्तमीपर्यंत तिळगुळाचे दिवस असतात, तोवर कुणाला कडू बोलू नये. रथसप्तमी झाली की दुसऱ्याच दिवशी जाऊन स्पष्ट सांगायचं. पण तोपर्यंत अक्षरा सरावाला का येत नाही, याचं काहीतरी कारण हवं होतं. ते कारण अक्षरानेच पुरवलं.

"बाबा, सांग माझा पाय मुरगळलाय. मग सना मिस माझी जागा कुणाला देणार नाही."

"पण तुला तर ती जागा नकोय ना?"

"व्हॉटेव्हर," अक्षरा म्हणाली आणि फोनमध्ये डोकं घालून बसली. तेरा वर्षांच्या मुलीच्या 'व्हॉटेव्हर'मध्ये काय काय असतं, हे सुभाषला तेव्हा कळायला हवं होतं. पण तो आधीच घाबरलेला होता.

मग रविवार-मंगळवार सुजाता अक्षराला घेऊन फहाहीलला जाऊ लागली आणि सोमवार-बुधवार सुभाष "ऑफिसात क्लोजिंग आहे" असं सांगून सालमियाला. तिथे तो मॅट उचलायचा, पाण्याच्या बाटल्या भरायचा, मुलींच्या डोक्यावरचे चमचमते रिबिनीचे बो वाटायचा. हळूहळू त्याला ते आवडायलाही लागलं. बँकेत एवढ्या वर्षांत कुणी त्याला बघून टाळ्या वाजवल्या नव्हत्या. इथे तो मॅट अंथरून उठला तरी मुली "गो अंकल, गो!" म्हणून ओरडायच्या.

पण त्या बोंना असते चमकी, आणि चमकी काही केल्या निघत नाही.

"हे काय चमचमतंय कॉलरवर?" एका बुधवारी सुजाताने विचारलं.

"ऑफिसात वाढदिवस होता. अहमदचा."

पुढच्या सोमवारी कानावर सापडली. "आज कुणाचा?"

"यूसुफचा."

बुधवारी भुवईत सापडली, तेव्हा सुजाताने हातातलं लाटणं खाली ठेवलं. "कुवेतमधले सगळे पुरुष तुमच्याच बँकेत जन्माला आलेत का हो?"

रथसप्तमी जवळ आली होती, आता थोडक्यासाठी कशाला बोला, असा सुभाषने विचार केला. तिकडे सना रोज विचारत होती, "पाय कसा आहे?" आणि सुभाष रोज नवीन काहीतरी सांगत होता. सूज आहे म्हणाला, मग पट्टी बांधली म्हणाला, आणि एकदा बोलण्याच्या भरात "फ्रॅक्चर असेल असं डॉक्टर म्हणतात" असंही म्हणून गेला.

रथसप्तमीला सुजाताने बनेद अल-गार भागातल्या आपल्या घरी हळदीकुंकू ठेवलं. मराठी मंडळातल्या पंधरा-वीस बायका आल्या. आफिया कोचलाही खास बोलावणं होतं. रीतीप्रमाणे सुभाषची रवानगी स्वयंपाकघरात झाली. मसाला दूध गाळत तो मनात म्हणत होता, चला, उद्या एकदाचं सांगून टाकू. आणि बेल वाजली.

दार अक्षराने उघडलं. परकर-पोलकं नेसलेली अक्षरा हातात तिळगुळाची थाळी घेऊन धावतच गेली होती. दारात सना उभी होती. तिच्या हातात चॉकलेटचं मोठं तबक, मागे गुलाबी टीशर्टातल्या सात मुली आणि प्रत्येकीच्या हातात 'लवकर बरी हो' लिहिलेला फुगा.

मग अक्षराने सावकाश डावा पाय उचलून धरला.

"उजवा सांगितला होता," स्वयंपाकघराच्या दारातून सुभाष कुजबुजला. अक्षराने पाय बदलला.

"हबीबती! लाडके, फ्रॅक्चर असून तू उभी कशी?" सना किंचाळली.

"कसलं फ्रॅक्चर?" सुजाता गुलाबदाणी घेऊन पुढे आली. "कुणाला झालंय फ्रॅक्चर?"

"तुम्हाला माहीत नाही?" सनाचे डोळे विस्फारले. "मिस्टर सुभाष तर रोज सांगतात!"

"रोज? हे रोज तुम्हाला कुठे भेटतात?"

"सरावाला. आमचे मॅनेजर आहेत ना ते!"

वीसेक बायकांच्या माना एकदम स्वयंपाकघराकडे वळल्या. सुभाष गाळणी घेऊन उभा होता. सुजाताने त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या भुवईकडे पाहिलं, आणि तिला अहमद, यूसुफ असे सगळे वाढदिवस एकदम उमगले.

"तुम्ही सांगितलंच नाहीत?"

"अगं, रथसप्तमीपर्यंत गोड बोलायचं म्हणून…"

"उद्या बोलते तुमच्याशी," सुजाता म्हणाली. तिळगुळाचे दिवस आजच संपत होते.

पण घरी आलेल्या बाईला दारात ताटकळत ठेवण्यातली ती नव्हती. तिने सनाला आत बसवलं, मनगटावर अत्तर लावलं, गुलाबपाणी शिंपडलं आणि मग मात्र तिला राहवेना. मोडक्यातोडक्या इंग्रजीत ती म्हणाली, "तुम्ही माझ्या मुलीला वरून खाली आणलंत. फार वाईट वाटलं मला. म्हणून आम्ही जिम बदलली. या तिच्या नव्या कोच."

सनाने आफियाकडे पाहिलं. आफियाने बशीतल्या लाडवाकडे पाहिलं.

"मी आणलं?" सना म्हणाली. "ती स्वतः आली होती माझ्याकडे. रडत. मला वर नको म्हणाली."

आता सगळ्या माना अक्षराकडे वळल्या. ती अजून एका पायावर उभी होती.

"अक्षरा?" सुजाताचा आवाज एकदम खाली आला.

"सॉरी, आई." अक्षराने पाय टेकला. "मला वर भीती वाटते. पाय शेक होतात. खाली मला मस्त वाटतं. वरच्या मुलीचा पाय माझ्या हातात असतो, आणि ती मला बघत पण नाही. तिला माहीत असतं की मी आहे. आय लव्ह दॅट."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू सगळ्यांना सांगून ठेवलं होतंस ना. तुला किती वाईट वाटलं असतं."

सुजाता सोफ्याच्या हातावर टेकली. आपण हिला किती वेळा गप्प बसवलं ते एकेक तिला आठवायला लागलं आणि तिला खरंच रडू यायला लागलं. अक्षरा तोवर सरळ आफियासमोर जाऊन उभी राहिली होती. "आफिया मिस, मला तुमच्याकडे यायचं नाही. तुम्ही छान आहात. पण मला माझ्या टीममध्ये राहायचंय. तिळगूळ घ्या."

बापाला तीन आठवड्यांत जमलं नव्हतं ते पोरीने चार वाक्यांत उरकलं. सुभाष तिच्याकडे बघतच राहिला.

आफियाने तिळगूळ घेतला आणि मोठ्ठा सुस्कारा सोडला. ती हैदराबादची होती. सुजाताचा हात धरून म्हणाली, "भाभी, बुरा नक्को मानो, पर अच्छा हुआ. मेरे पास फ्लायर बननेवाली चार लड़कियाँ पहले से लाइन में हैं. और एक टीम में नाम लग गया तो उस सीझन में दूसरी टीम से उतरने ही नहीं देते. मैं हर बार सोचती थी, आज भाभी को बोल दूँगी. और हर बार आप लाडू लेके आ जाते थे. लाडू खाके ना कैसे बोलूँ?"

सुंठीवाचून खोकला गेला होता. रत्नमालावहिनींना हसू आवरेना. भीड काय फक्त आपल्यातच असते असं त्यांना इतके दिवस वाटत होतं. "म्हणजे ही पोर स्पर्धेत उतरलीच नसती की!" त्या म्हणाल्या.

"आमच्याकडून उतरेल," सना म्हणाली. "तिची जागा तिचीच आहे. तिच्याऐवजी सरावात रोज मी उभी राहते."

सुजाताने डोळे पुसले. पण बाई हार मानणारी नव्हती. "ते सगळं खरं. पण भीती कसली ग त्यात? खाली चार-चार जणी असतात धरायला!"

सना उठली. तिने टाळी वाजवली. "यल्ला, चला मुलींनो! मॅडमना वर घ्या."

"अगं बाई, मला? पैठणीत?"

पण मुलींनी ऐकलंच नाही. टीपॉय बाजूला झाला. अक्षरा आणि दुसरी एक दणकट मुलगी गुडघे वाकवून शेजारी शेजारी उभ्या राहिल्या, बाकीच्यांनी मागून कंबर धरली, आणि बघता बघता सुजाताचा एक पाय एकीच्या मांडीवर आणि दुसरा अक्षराच्या मांडीवर गेला. जमिनीपासून जेमतेम दोन फूट. पण सुजाताला वाटलं की आता आपलं डोकं पंख्याला लागणार. कपाटाच्या वरची धूळ तिला प्रथमच दिसली. पाय थाडथाड उडायला लागले.

"खाली घ्या! अहो, बघताय काय? खाली घ्या मला!"

सुभाष गाळणी घेऊन पुढे धावला आणि सनाने त्याला हातानेच थांबवलं.

"आई, केस सोड माझे," खालून अक्षरा म्हणाली.

"पडेन ग मी!"

"नाही पडणार. मी धरलंय ना. समोर बघ."

रत्नमालावहिनींनी फोन काढला. "सुजाता, हस बघू! कुंकू छान दिसतंय. इकडे बघ!"

सुजाताने एकेक करून बोटं सोडली. मग एक डोळा उघडला आणि धीर करून खाली पाहिलं. सगळ्या बायका, सगळ्या मुली मान वर करून तिच्याकडे बघत होत्या. अक्षरा मात्र वर बघतच नव्हती. ओठ घट्ट मिटून, कपाळावर घाम आलेला, ती दोन्ही हातांनी आईचा पाय धरून फक्त त्या पायाकडे बघत होती.

"वहिनी," सुजाता वरून म्हणाली, "माझा कसला फोटो काढताय? हिचा काढा ना. जवळून काढा. आणि मग मला आधी खाली घ्या."