बप्पा शहर बघायला जातात

सोलापूरला गेलेला माणूस येताना चादर आणतो. आमचे बप्पा पाणी घेऊन आले. लिटरची बाटली, झाकणावर प्लास्टिकचा कागद आणि त्यावर करकचून बांधलेली सुतळी. आमच्या ओसरीवर टेकून त्यांनी धोतराच्या सोग्यानं मान पुसली आणि बाटली आईपुढे धरली.

"सूनबाई, ह्या पाण्यात तुरीची डाळ टाका. शिजली तर म्होरलं बोलू."

"आन् न्हाई शिजली तर?"

"तर पोरगं द्यायचं न्हाई. जड पाण्याच्या गावात पोरगी देत न्हाईत, मग पोरगं कावून द्यायचं?"

ते पोरगं म्हणजे मी, दिगंबर. वय एकतीस. त्या वेळी मी त्याच ओसरीवर खुर्ची टाकून कंपनीच्या मीटिंगमध्ये बसलो होतो आणि माझा माइक चालू होता. पुण्याच्या एका सहकाऱ्यानं नंतर फोन करून अभिनंदन केलं आणि मुलगी काय करते असं विचारलं.

बप्पा आमचे शेजारी. बीडजवळच्या मांजरसुंब्यापासून थोडं आत आमचं गाव आहे. तिथं त्यांचं आणि आमचं घर एका भिंतीवर उभं आहे. नात्यानं ते आमचे कोणी नाहीत. लग्न केलं नाही, शेत वाट्यानं दिलेलं. आईनं ताट नेऊन दिलं तर "आत्ताच जेवलो" म्हणून परत पाठवणार. "कामाबिगर कोणाच्या घरचं खायाचं न्हाई" हा त्यांचा जुना हट्ट. आणि काम त्यांना आयुष्यभर एकच येत आलं, ते म्हणजे स्थळ बघणं.

लग्न जुळवणारे वेगळे. बप्पांनी एकही लग्न जुळवलेलं नाही, मोडली मात्र बरीच. गावात कुणाच्या मुलीला स्थळ आलं की बैठकीच्या आधी बप्पांना गुपचूप त्या गावी धाडायचं, अशी रीतच पडली होती. बप्पा नवऱ्या मुलाच्या घराकडे फिरकतसुद्धा नसत. "घर काय बगायचं? पाव्हणे येणार म्हून घर सारवून ठेवत्यात. गिरणी कोणी सारवून ठेवत न्हाई." म्हणून ते आधी पिठाच्या गिरणीवर जाऊन बसत. कुठल्या घरात किती दळण येतं, कोण आणतं, आणताना सासू सुनेला कशी हाक मारते, सगळं तिथं कळतं. तिथून न्हाव्याकडं, आणि तिथून गावच्या पाण्यावर.

हे सगळं मनासारखं झालं तरच बप्पा शेवटचं काम करत. तिथल्या एखाद्या बाईला, शक्यतो गिरणीवालीलाच, आपल्या मुलीबद्दल सांगून येत. तिला काय आवडतं, रुसली की काय करते, आजारी पडली तर लपवते का. स्थळ पसंत नसेल तर तोंडातून मुलीचं नावही काढायचं नाही. "द्यायची न्हाई तिथं लेकराचं नाव कावून टाकून यायचं?"

अशा माणसासमोर मी शहरांची यादी वाचून दाखवली, ही चूक माझीच.

झालं असं, की आमच्या कंपनीनं पुण्याचं ऑफिस बंद केलं आणि सांगितलं, कुठूनही काम करा. मी तर कोरोनापासून गावातूनच काम करत होतो. पण "कुठूनही" हा शब्द एकदा कानात शिरला आणि माझी झोप उडाली. गावात काय वाईट होतं? अकराच्या मीटिंगला लाईट जायची. रेंजसाठी मी लॅपटॉप घेऊन गच्चीवर चढलो की खालून कोणीतरी विचारायचं, "दिगू, वर काय करतो बे? नोकरी सुटली म्हने?" पाच वर्षं पगार घेऊनही मी गावाच्या लेखी घरी बसलेलं पोरगं होतो. पुण्या-मुंबईची गर्दी नको होती. मधल्या आकाराचं एखादं शहर हवं होतं. रविवारी बॅग भरायची, सोमवारी इस्त्रीचा शर्ट लागला की उपसायची, असं माझं चाललं होतं. दात घासतानासुद्धा माझे पाय जागेवर ठरत नव्हते.

त्यातच बप्पांना आधार कार्डानुसार पंच्याहत्तर वर्षं पूर्ण झाली आणि त्यांना एसटीचा प्रवास फुकट झाला. कितीतरी वर्षांत त्यांना कुणी स्थळ बघायला पाठवलं नव्हतं. आता मुलं-मुली फोनवरच एकमेकांना बघतात. माझी यादी ऐकून म्हातारा असा काही उठला की मला नाही म्हणायला जमलंच नाही. माझ्याकडून खोल्यांचे पत्ते लिहून घेतले, पिशवीत भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी टाकली आणि पहिल्या गाडीनं निघाले.

सोलापूरच्या पाण्यात डाळ शिजली. बप्पांनी आमच्याकडं बसून ती दोनदा वाढून घेतली, चव मुरते का बघायला दुसऱ्या दिवशीही आले आणि मग निकाल दिला. "पाणी बरं हाय. पन ऊन आपल्यावानीच. उनातनं उठून उनात कावून जायचं?"

लातूरच्या पाण्यातही शिजली. "लई जवळ हाय. रुसून परत याया सोपं. अशा जागी लेकरू नांदत न्हाई."

"बप्पा, मी नांदायला नाही चाललो, कामाला चाललोय."

"दोन्ही एकच. सकाळी उठून दुसऱ्याच्या मनासारखं वागायचं."

कोल्हापूरहून ते भलतेच खूश होऊन आले. माणसं चांगली, गिरणी चांगली, पाणी गोड. मला वाटलं, सुटलो. पण तिसऱ्या दिवशी डाळ चाटूनपुसून म्हणाले, "मटन लई झ्याक मिळतंय तिथं. तू काम कवा करशील?"

आईला यात मजा वाटत होती. चुलीपाशी एका ओळीत बाटल्या मांडलेल्या, आणि शेजारणी येऊन विचारायच्या, "आज कुठली डाळ?" इकडे माझं डोकं फिरत चाललं होतं. कंपनीकडून मेल आला की महिनाअखेर कायमचा पत्ता कळवा. यादीत उरलं होतं एक नाशिक. तिथं माझ्या एका सहकाऱ्याची खोली रिकामी होत होती आणि हो-नाही रविवारच्या आत सांगायचं होतं.

बप्पा नाशिकला जाऊन आले ते रिकाम्या हातानं. पिशवीत बाटली होती, पण तिच्यात पाणी नव्हतं.

"सांडलं," म्हणाले.

"बरं, शहर कसं आहे?"

"आपलं पानी वरच्या वर अडवून धरनाऱ्या लोकांत जाऊन ऱ्हातो म्हनतोस? गोदावरी आपल्या जिल्ह्याच्या वेशीवर येती तवर तिच्यात काय ऱ्हातंय बे?"

आता मात्र माझा ताबा सुटला. नदीचं भांडण माझ्या खोलीवर कशाला काढता, तुम्हाला एकही शहर पसंत पडायचं नाही, मी इथंच सडावं असं सरळ सांगा ना, असं बरंच काही मी बोलून गेलो. बप्पा उठले. रिकामी बाटली आमच्या ओसरीवरच ठेवून घरी गेले.

आई आतून बाहेर आली आणि माझ्यासमोर बसली. "झालं का बोलून? ऐक आता. त्याहिला एक अक्का हुती, थोरली. परळीच्या बी पल्याड दिलती, कोणी काई न बगता. पोर तिथं तापानं पडली. पंधरा दिस पडूनच हुती. शेजारनीला वाटायचं, हिला माहेरच न्हाई. खबर कुणाला धाडायची तेच ठाव नव्हतं. तशीच गेली. बप्पा तवा धा वर्साचे. तवापासनं जिथं लेक द्यायची तिथं सांगून येतेत. तिथल्या एका माणसाला तरी ठाव पायजे, म्हनतेत, की हिच्यामागं कोणीतरी हाय."

मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण रविवार तोंडावर आला होता. शनिवारी पहाटेची गाडी धरून मी स्वतःच नाशिकला गेलो.

खोली चांगली निघाली. वर उजेड होता, खाली शांत गल्ली होती. तरी माझं मन स्थिर होईना. खिडकी उघडली, लावली, नळ सोडून बघितला आणि जिना उतरलो तर समोरच पिठाची गिरणी. काऊंटरवरच्या ताईंनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि गिरणी बंद केली.

"तुम्ही दिगंबर ना? बीडचे?"

मी हो म्हटलं.

"तुमचे बप्पा येऊन गेले की! दोन तास या बाकावर बसले होते. आधी आमचीच सगळी चौकशी केली. मग म्हणाले, घरात तुरीची डाळ असेल तर पातेल्यात शिजवून दाखवा, कुकर नको. आमच्या सासूबाईंनी शिजवली. इथंच बसून जेवले आणि मग तुमच्याबद्दल सांगायला लागले."

"माझ्याबद्दल?"

"हो. म्हणाले, आमचा पोरगा येईल. उंच आहे, एका जागी थांबत नाही. भूक लागली की चिडतो, पण त्याला स्वतःला ते कळत नाही. आधी खायला द्या, मग बोला. आजारी पडला तर सांगणार नाही, दोन दिवस खाली उतरला नाही तर वर जाऊन बघा." ताईंनी भिंतीवर खडूनं लिहिलेला नंबर दाखवला. आमच्या घरचा होता. "मी विचारलं, काका, पण तो येणार हे नक्की का? तर म्हणाले, येणार. जागा बेस आहे. मी जरा उशीर लावतोय, एवढंच."

मी त्याच बाकावर टेकलो. ताईंनी विचारलं, काही खाल्लंय का? खाल्लं नव्हतं. त्यांनी पोहे आणून दिले आणि मी बशी चाटूनपुसून परत केली.

गावी परतलो तेव्हा बप्पा त्यांच्या ओसरीवर बसले होते.

"गिरणी बगितलीस?"

"बघितली."

"गिरणीवाली कशी हाय?"

"बोलकी आहे."

बप्पांनी माझ्याकडं बघितलं, मग समोरच्या लिंबाकडं. "लई बोलकी हाय," ते म्हणाले. "एवढं बोलायचं काम नव्हतं तिनं." आणि थोड्या वेळानं, "ठरलं म्हन की."

"ठरलं."

"मग आता त्या बाटलीचं काई काम न्हाई."

ती बाटली मी माझ्या बॅगेत टाकली. निघायच्या आदल्या दिवशी मी आमच्या गावच्या गिरणीवर गेलो. गिरणीवाला निवृत्ती माझ्या भावाच्या वर्गातला. त्याला मी बप्पांबद्दल सांगायला लागलो. ज्या माणसाला सगळं गाव ओळखतं त्याची ओळख गावालाच करून देताना मला फार विचित्र वाटत होतं. म्हटलं, त्यांना भाकरीबरोबर दूध लागतं. जेवलो म्हणाले तरी ते खरं धरायचं नाही. काहीतरी बघायचं काम सांगितलं की जेवतात.

निवृत्तीनं पट्टा थांबवला. "तुला आत्ता कळतंय व्हय बे? चार महिने झाले, बप्पाचा दळणाचा डबा गिरणीवर आला न्हाई. शहर बगून आले की तुमच्यात जेवतेत, न्हाईतर मुरमुऱ्यावर भागवतेत. गिरणीवाल्याला सगळं ठाव असतंय."

म्हणजे चार महिने मी शहरांच्या निकालांवर वैतागत होतो आणि म्हातारा निकाल लांबवून जेवत होता. मला स्वतःची लाज वाटली. माझा नंबर मी निवृत्तीच्या भिंतीवर लिहिला आणि म्हटलं, डबा आला नाही तर मला कळव.

नाशिकला येऊन दोन आठवडे झाले आणि निवृत्तीचा फोन आला. "दिगू, डबा न्हाई आला अजून."

मी मीटिंग मध्येच सोडली. नळाखाली बाटली भरली, झाकणावर प्लास्टिक लावून सुतळी बांधली आणि स्टँडवर गेलो. बीडच्या गाडीत ओळखीचा एक माणूस मिळाला, त्याच्या हाती ती दिली. मग बप्पांना फोन लावला. म्हटलं, इथलं पाणी बदललंय बहुतेक. डाळ शिजते का बघून सांगा, मला इथं राहायचं का नाही ते ठरवायचंय.

तिसऱ्या दिवशी आईच्या फोनवरून बप्पांचा आवाज आला. मागं ताटाचा आवाज येत होता.

"नीट न्हाई शिजली रं."

"काय सांगता!"

"खोटं बोलतेत," मागून आई ओरडली, "लोन्यावानी शिजलीय. तिसऱ्यांदा वाढून घेतलीय."

"तू गप, सूनबाई," बप्पा म्हणाले आणि मग फोन तोंडाजवळ धरून हळू आवाजात, "एका बाटलीवर असं ठरवता येत न्हाई, दिगू. अजून एक धाड."