शेटेसाहेबांची तपासणी

शेटेसाहेब आमच्या शाळेत कधी दारातून आले नाहीत. शिक्षण विस्तार अधिकारी म्हणून ते वर्षातून एकदा तपासणीला यायचे. एक थांबा अलीकडंच एस.टी.तून उतरायचे, तुरीच्या रानातून चालत यायचे आणि कुंपणाच्या बाभळीत सदरा अडकवून घ्यायचे. "दारातनं आलं की रांगोळी दिसती, मास्तर. शाळा मागनं बघावी लागती." मग ओरखडलेल्या हातानं तांब्याभर पाणी पिऊन मुलांच्या मागच्या ओळीत मांडी घालून बसायचे.

चकलांब्याच्या पुढं एका वस्तीवर आमची दोनशिक्षकी शाळा होती. हेडमास्तर आणि मी. तपासणी आली की आम्ही आठ-आठ दिवस टाचणवह्या भरत बसायचो. साहेब त्या उघडतही नसत. "कागद कावून पुढं करता? पोरगं पुढं करा." डबा स्वतःचा आणायचे, भाकरी आणि जवसाची चटणी. हेडमास्तरांच्या घरून आलेली शिऱ्याची ताटली गुपचूप पहिलीच्या पोरांकडं सरकायची.

साहेब मूळचे घाटनांदूरचे. घरचं किराणा दुकान भावावर सोपवून मास्तर झालेले. परीक्षांच्या सगळ्या तऱ्हा त्यांनी पाहिल्या होत्या. "आमाला लहानपणी निजामाचा डिप्टी उर्दूत सवाल करायचा. मग मराठी आली, वार्षिक परीक्षा आली. मग घटक चाचण्या, मग अ-ब-क-ड. आता म्हनं क्षमता. पोरगं तेच हाय, माप तेवढं बदलतंय." एवढं बोलून ते मोठी जांभई द्यायचे. मग मलाही यायची.

त्या वर्षी किमान क्षमतांचा नवा तक्ता आला, पांघरूण व्हावं एवढा. प्रत्येक मुलापुढं 'प्राप्त' किंवा 'अप्राप्त' लिहायचं. तपासणी पौषातली. तिसरीच्या पटावर एकतीस मुलं, वर्गात बारा. बाकीची आईबापांबरोबर ऊसतोडीला गेलेली.

"सगळ्यांना प्राप्त लिहून टाका," हेडमास्तर म्हणाले. "सगळेच लिहितात. नाहीतर शाळा 'ड' श्रेणीत जाईल."

"काहीही लिहा साहेब, पण आज संपवा," मी म्हणालो. मला खरोखर तेवढंच हवं होतं.

साहेबांनी तक्त्याची घडी घातली. "बघितल्याबिगर प्राप्त बी न्हाई आन् अप्राप्त बी न्हाई. रविवारी रिकामे हाव का, मास्तर?"

रविवारी पहिल्या गाडीनं आम्ही नगरकडच्या एका साखर कारखान्यावर गेलो. तोडकऱ्यांच्या पाचटाच्या कोप्यांमधून आमची एकोणीस पोरं हुडकायला दुपार झाली. कुणाच्या काखेत धाकटं भावंड, कुणी चाऱ्यासाठी उसाच्या वाढ्यांच्या पेंढ्या बांधतंय. साहेब पाचटावर बसले आणि त्यांतल्या मंगलला वाच म्हणाले. पुस्तक गावी राहिलेलं. त्यांनी पिशवीतून पेपर काढून दिला.

"उद्या... थंडी... वाढणार," मंगलनं बोट ठेवत वाचलं आणि मान वर केली. "आज बी लई हाय की, सर."

साहेब खदखदून हसले. 'प्राप्त' लिहिलं आणि रकाना नसताना शेजारी जोडलं, 'वाचलेले समजते.' पाच जणांना वाचता आलं नाही. त्यांच्यापुढं 'अप्राप्त, शिकवायचे आहे.'

पुढं वरच्या कार्यालयानं तो तक्ता परत पाठवला. शाळेबाहेरची तपासणी अग्राह्य. साहेबांना लेखी खुलासा द्यावा लागला, शाळा 'ड'मध्ये गेली आणि मे महिन्यात ते निवृत्त झाले. मंगल मात्र पाडव्यानंतर परत आली. पटावर नाव होतं, जूनमध्ये चौथीत बसली.

मला जास्त आठवतो तो त्या रविवारचा परतीचा प्रवास. गाडीत साहेब तक्ता मांडीवर घेऊन बसले. मग म्हणाले, "मी नवा व्हतो तवा गेवराईकडं एक पोरगी अशीच गेलती, आईबापासंगं. गैरहजर म्हनून नापास केली. नियमच व्हता. बापानं शाळा सोडवली, लगीन लावून दिलं. मी लिहिलेला शेरा आठवतो, 'प्रगती नाही.' पोरीचं नाव आठवत न्हाई. लई आठवून बघितलं."

साहेब खिडकीकडं तोंड करून बसले. थोड्या वेळानं पाहिलं तर त्यांचे ओठ हलत होते. मला वाटलं, शिवाचं नाव घेत असतील. कान दिला. मंगल, सोमनाथ, रुक्मिण, आसराबाई... आमच्याच एकोणीस पोरांची नावं होती. एखादं अडलं की तक्ता उघडून बघायचे, घडी घालायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे.